तळघरासाठी टॉर्च

"ही घ्या मॅम. हिच्यापुढे कुणी उभाच राहू शकत नाही," ट्रेंट म्हणाला आणि त्याने आणखी एक टॉर्च काचेवर ठेवली. काळीभोर, मुठीत मावणारी, तोंडाला करवतीसारखे दाते.

"आणि हे दात कशाला?" नोरीनने विचारले.

"कुणी अंगावर आलाच, तर तोंडावर हाणायला."

"पोरा, मी बघायला टॉर्च मागितली. मघाशी तू मला समोरच्याला आंधळं कसं करायचं ते सांगितलंस, आता त्याचं थोबाड कसं फोडायचं ते सांगतोयस. हिच्यात दिसतं का काही, एवढंच सांग."

ट्रेंट हसला. दाढी छातीपर्यंत वाढवली होती, तरी गालांवरून त्याचे कोवळे वय कळत होते. या म्हातारीला गोड बोलून काहीतरी विकून टाकू, असा त्याचा बेत दिसत होता. नोरीन हॅडलीला तो ओळखत नव्हता, हाच त्याचा घोटाळा. ओक्लाहोमातल्या त्या गावात सगळे, अगदी जावईसुद्धा, तिला 'मिस नोरीन' म्हणत आणि तिच्या तोंडाला टरकून असत. चर्चमध्ये प्रवचन लांबले की पाद्र्याला घड्याळ दाखवणारी ती एकटीच.

खरे तर दुकानात शिरल्यापासूनच तिचे डोके तापले होते. तिचा नवरा क्लेटन हयात होता तेव्हा टॉर्च खिळे, दोर आणि कंदील यांच्या शेजारी मिळायची. आता ती बंदुकांच्या काउंटरमध्ये, काचेखाली, काडतुसांना खेटून. अंधारात माणसाला चप्पलसुद्धा शोधायची असते, हे जणू कुणाच्या गावीच नाही.

तिने टॉर्चचे खोके उचलले. त्यावर चित्र होते. अंधारा जिना, वरून पांढराफेक झोत, आणि झोतात डोक्यावर टोपी ओढलेला एक माणूस, डोळ्यांवर हात आडवा धरलेला. खाली ठळक अक्षरांत 'घराचे रक्षण'.

"हा कोण रे?"

"चोर, मॅम."

"कशावरून?"

"म्हणजे... घरात शिरलाय ना तो."

"घर त्याचंच असलं तर? शेजारी असला तर? त्यानं फक्त डोळे झाकलेत. एवढा उजेड तोंडावर मारलास तर आमचा पाद्रीसुद्धा डोळे झाकेल. मग त्यालाही चोर म्हणणार?"

तिचा आवाज चढला. कारण अस्साच आडवा हात तिने गेल्या मंगळवारी पाहिला होता, आणि तोही स्वतःच्या तळघरात.

त्या गावात वादळाचा भोंगा वाजला की तळघर कुणाचे, हे कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे तळघर आहे त्याने वसंतापासून दाराची कडी काढून ठेवायची, आणि ज्याच्याकडे नाही त्याने जवळचे गाठायचे. दार वाजवायचे नाही, हाक मारायची नाही. त्या वाऱ्यात ऐकू कुणाला येणार? नोरीनचे तळघर परसात होते. क्लेटनने ते स्वतः खणले, स्वतः बांधले, आणि घरच्या माणसांना लागेल त्याच्या दुप्पट मोठे केले. त्या बाकांवर आजवर कोण कोण बसून गेले! पोस्टमन, पवित्र ग्रंथ विकत फिरणारा एक फाटका, आणि एकदा तर कुंपणावरून क्लेटनला कोर्टात खेचणारा शेजारी आपल्या बोकडासकट. क्लेटनने त्याला थर्मासातली कॉफी दिली होती. खटला दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालू.

मंगळवारी दुपारी भोंगा वाजला. आभाळ हिरवट काळे झाले. नोरीन, तिची मुलगी शेली आणि जावई ब्रॅडी खाली जाऊन बसले, तेवढ्यात वीज गेली. शेली आणि ब्रॅडीचे स्वतःचे घर अजून बांधून व्हायचे होते, म्हणून ती दोघे हिवाळ्यापासून नोरीनकडेच होती. मग लोखंडी दार वर उचलले गेले आणि कुणीतरी पायऱ्या उतरू लागले. डोक्यावर टोपी, छातीशी काहीतरी धरलेले. ब्रॅडीने कमरेचे पिस्तूल उपसले आणि त्याच्या नळीखाली बसवलेल्या दिव्याचे बटण दाबले.

उजेडात मारिसेला उभी होती. मागच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहणारी, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी मारिसेला. रेनकोटाखाली तान्हे मूल, आणि रेनकोटाचे टोक धरून पाच वर्षांची यारेली. मारिसेलाने एक हात डोळ्यांवर आडवा धरला, दुसऱ्यात बाळ होते. आणि झोत जिथे सगळ्यांत प्रखर होता, तिथे बाळाचे डोके होते. दिवा जिथे बघतो तिथेच नळी बघते, त्यासाठीच तर तो तिथे बसवलेला असतो.

ब्रॅडीने लगेच हात खाली घेतला. सॉरी म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. वादळ सरेपर्यंत मारिसेला सगळ्यांत वरच्या पायरीवर, दाराला चिकटून, मुलांना पोटाशी घेऊन सगळ्यांकडे पाठ करून बसली, आणि भोंगा थांबायच्या आत निघून गेली.

"मी फक्त बघत होतो, कोण आहे ते," ब्रॅडी मागाहून म्हणाला. त्या वाक्याने नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बंदुकीचे तिला वावडे नव्हते. क्लेटनची बंदूक अजून कपाटात होती आणि कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला साप तिने स्वतः उडवला होता. पण त्या गावात पोराला अक्षरओळख व्हायच्या आधी एक गोष्ट शिकवतात: जे मारायचे नाही त्याच्यावर नळी धरायची नाही. गाढवालाही कळेल असा नियम. आणि आता शहाण्यासुरत्या माणसांनी दिवा नेऊन नळीलाच चिकटवला! म्हणजे समोर कोण आहे हे बघायला आधी त्याच्यावर नेम धरायचा. आधी नेम, मग ओळख. वर त्याला म्हणायचे घराचे रक्षण.

दुसऱ्या दिवशी नोरीन पीचचा केक घेऊन ट्रेलरवर गेली. मारिसेलाने दाराची साखळी न काढताच फटीतून बघितले.

"मिस नोरीन, तुमच्यावर माझा राग नाही. पण आता आम्ही नाही यायचो. बाथटबमध्ये बसू, वर गादी घेऊन."

"अगं, पत्र्याच्या घरातला बाथटब तो! वारा घरासकट उचलून नेईल तुम्हाला."

"नेईल. पण वारा कुणावर नेम धरत नाही," मारिसेला म्हणाली आणि दार लागले.

नोरीनला त्या रात्री झोप आली नाही. तीन जीव. आणि वादळांचा मोसम तर आत्ता कुठे सुरू झालेला.

"मॅम?" ट्रेंटने हाक मारली. "मग हिला पिस्तुलावर बसवायची पट्टी पण देऊ का? पुष्कळ लोक नेतात."

"माकडाच्या हातात कोलीत देता ते देता, वर त्या कोलिताला दिवा पण लावता!" नोरीन कडाडली. पलीकडे गळ बघणारा एक गिऱ्हाईक चमकून वळला. "ती पट्टी ठेव तुझ्याकडे. मला सांग, रुंद उजेडाची कुठली? एकच बटण, हातमोज्यातून दाबता येईल असं. आधी मंद, मग मोठा. सेल कुठल्याही दुकानात मिळणारे. आणि दात नकोत."

ट्रेंटने खालच्या फळीवरून धूळ बसलेली एक जाडजूड पिवळी टॉर्च काढली. नोरीनने ती छताकडे धरून बटण दाबले. पांढऱ्या छतावरून उजेड खाली पसरला आणि दुकानातल्या सगळ्यांचे चेहरे नीट दिसले, ट्रेंटच्या दाढीतले बिस्किटाचे कण धरून. कुणीही डोळे झाकले नाहीत.

"पण मॅम, हिच्यानं रक्षण..."

"कुणाचं?" नोरीनने विचारले. ट्रेंटने टॉर्च पिशवीत घातली.

जेवणाच्या टेबलावर तिने ती मक्याच्या पावाशेजारी उभी करून ठेवली.

"तळघरात आजपासून हिचा उजेड. ते कमरेचं वर राहील."

ब्रॅडीने काटा खाली ठेवला. "मिस नोरीन, मी तुमच्या रक्षणासाठीच जवळ बाळगतो ते. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत चोरी झाली की नाही?"

"झाली. गवत कापायचं यंत्र गेलं, तेही भरदुपारी, परसातून. वादळात, कडेवर पोर घेऊन, दुसऱ्याच्या तळघरात चोरी करणारा चोर तुझ्या बघण्यात आहे का रे?"

"माझं बोट घोड्यावर नव्हतं. बाहेर होतं. शपथेवर सांगतो."

"आणि ते तिला दिसलं असेल नाही, त्या उजेडात?"

"आई, पुरे," शेली म्हणाली. "माफी मागून मोकळा झालाय तो."

"तो झाला गं मोकळा. ती कुठं झालीय? हा अजून तिच्या दारात गेलेला नाही. उद्या जातो, उद्या जातो. चार पावलांवर तर ट्रेलर आहे!"

ब्रॅडी ताट तसेच टाकून बाहेर गेला. मनाने तो वाईट नव्हता, लाजला होता. पण लाजलेला माणूस लाज झाकायला जे काही करतो ते सगळे त्याने केले. ट्रक धुतला, कुंपण रंगवले, ट्रेलरकडे मात्र फिरकला नाही. मारिसेला कामावर जाताना रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी पुन्हा भोंगा वाजला. शनिवारचा चाचणीचा भोंगा असता तर कुणी मान वर केली नसती, पण हा थांबेना. पश्चिमेकडे आभाळ जमिनीपर्यंत लोंबत होते. शेली आधी खाली उतरली. नोरीन पिवळी टॉर्च घेऊन तळघराच्या तोंडाशी उभी राहिली आणि ट्रेलरकडे बघत राहिली. मारिसेलाची गाडी दारात होती. दार बंद होते.

"खाली चला, मिस नोरीन! दार लावायचंय मला!" ब्रॅडी ओरडला.

"ती आल्याशिवाय दार लागायचं नाही."

"येणार नाही म्हणालीय ती!"

"मग जा, घेऊन ये."

"मी?"

"मग काय मी जाऊ? घालवलं कुणी तिला? इथं चाळीस वर्षांत बोकडसुद्धा येऊन बसला, तुझ्या राज्यात माणसं बाथटबमध्ये मरतायत!" ती बोलत नव्हती, किंचाळत होती, आणि तिला रडूही येत होते. "ते कमरेचं ट्रकमध्ये टाक. कुलूप लाव. ही टॉर्च घे. आणि उजेड स्वतःच्या तोंडावर धर."

"मला दिसणार कसं मग?"

"नाही दिसलं तरी चालेल. तिला दिसू दे, कोण येतंय ते."

ब्रॅडीने एकवार तिच्याकडे पाहिले. मग पिस्तूल ट्रकमध्ये टाकून कुलूप लावले, टॉर्च घेतली आणि निघाला. वारा त्याला आडवा ढकलत होता. उजेड थेट डोळ्यांत, म्हणून तो चाचपडत होता, एकदा कुंपणाच्या तारेत अडखळून गुडघ्यावर आला, पण उठतानाही त्याने टॉर्च तोंडावरून हलवली नाही. हिरवट अंधारात नोरीनला फक्त त्याचा पांढरा चेहरा आणि वर धरलेला मोकळा पंजा दिसत होता. तो दारापाशी पोचला. काय बोलला ते ऐकू आले नाही. दार उघडायला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात नोरीनने देवाला आठवतील तेवढी नावे ठेवली.

मग मारिसेला बाहेर आली, बाळाला गच्च धरून, आणि मागोमाग यारेली. ब्रॅडी मागे राहिला, त्यांच्या पायांपुढच्या जमिनीवर उजेड टाकत.

तळघरात तो आधी उतरला आणि त्याने टॉर्च बाकावर उभी ठेवली, तोंड छताकडे. सगळे स्वच्छ दिसत होते. मारिसेला उतरली. तिच्यामागून यारेली उतरली, एकेक पायरी, दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभे धरून. रेनकोटाच्या बाह्या कोपरांपर्यंत घसरल्या होत्या. मागून नोरीनने दार ओढून लावले.

"हात खाली घे गं, पडशील," नोरीन म्हणाली.

पोरीने घेतले नाहीत.

"मीच शिकवलंय तिला," मारिसेला म्हणाली. "वेळ आलीच तर या तळघरात कसं यायचं ते. माझ्या हातात बाळ असतं. निदान तिचे तरी दोन्ही दिसायला हवेत."

क्लेटनने बांधलेल्या तळघरात एक पाच वर्षांची पोर हात वर करून उभी होती, आणि संताप कुणावर काढावा ते नोरीनला कळेना. जावयावर काढून तो संपण्यासारखा नव्हता. तिने यारेलीला बाकावर बसवले, तिचे हात धरून मांडीवर आणले. सोडले, की ते पुन्हा वर गेले.

"ब्रॅडी," ती म्हणाली, "तू सांग. माझं ऐकत नाही ती."

ब्रॅडी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला. डोळे अजून लाल होते. "खाली घे बेटा. माझ्याकडे काही नाही आता. बघ."

डोक्यावरचे लोखंडी दार धडधडू लागले होते. यारेलीने त्याच्या कमरेकडे पाहिले. मग त्याच्या दोन्ही हातांकडे, बराच वेळ. मग तिने एक हात खाली घेतला. दुसरा वरच ठेवला.