आजोबांचं बूच

भिंगरीचे आजोबा होडीवर यायचे थांबले, त्याला एक बूच पुरलं.

होडी फायबरची, भिंगरीहून वयाने मोठी. तिच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक आहे. किनाऱ्यावर आलं की आत साचलेलं पाणी त्यातून सोडायचं आणि पुन्हा निघताना बूच पिळून घट्ट बसवायचं. हे काम कायम आजोबांचं. पण गेल्या वर्षी दर फेरीत पायाखाली पाणी साचायला लागलं.

"अण्णा, बूच नीट बसवलं नाहीत वाटतं," बाबा आजोबांना म्हणाले. पुढच्या फेरीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मग भिंगरीच्या जिभेला कुठलं हाड? तिने त्यांचं नाव 'बूचआजोबा' ठेवलं. सगळं घर हसलं. आजोबाही हसले.

त्यानंतर ते गॅस बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघायला लागले. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, कुलूप ओढून बघायला. एके दिवशी त्यांनी बूच बाबांच्या हातात ठेवलं. "तूच लाव रे आता. माझ्या डोक्याचा काही भरवसा नाही."

पुढच्या फेरीला बूच बाबांनी लावलं. पाणी घोट्यापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि भिंगरीने होडी लाकडी घोड्यांवर उंच चढवली. बाहेरून कोरडी पुसून तिच्यावर खडूची पूड फासली, आणि आत नळीने पाणी सोडून त्यात नीळ कालवली.

"आत येणारं पाणी त्याच वाटेने बाहेरही येईल," बाबा म्हणाले. भिंगरी पोतं अंथरून होडीखाली आडवी झाली. खजिना शोधायला आल्यासारखी खूश होती ती.

"सापडलं, बाबा. बुचाच्या शेजारी. दोन निळे ठिपके."

बाबांनी नखाने रंग खरवडला. पुट्टीचा तुकडा गळून पडला. आत स्क्रूची दोन भोकं.

"मासे दाखवणाऱ्या यंत्राचा सेन्सर होता इथे," बाबा हळूच म्हणाले. "मीच बसवला, मीच काढला. वरवर पुट्टी मारली. म्हटलं, नंतर नीट करू."

"नंतर म्हणजे कधी?"

बाबांनी उरलेली पुट्टी खरवडायला घेतली. भिंगरीने पुढचा टोमणा गिळला. बूचआजोबा हे नाव काही बाबांनी ठेवलं नव्हतं.

फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. कुजलेलं तेवढं कोरून काढलं, उरलेलं उन्हात खडखडीत वाळवलं, मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या तंतूंच्या कापडाचे थर एकावर एक बसवले. घासताना उडालेल्या भुग्याने भिंगरीचे हात रात्रभर खाजत होते. पण भोकं अशी बुजली की बोटालासुद्धा सापडेनात.

मग ती धावत घरी गेली. आजोबा कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आजोबा, तुम्ही बूच दर वेळी बरोबर लावत होतात. भोकं बाबांची होती."

तिला वाटलं होतं, आता आजोबा बाबांचा कान पिळणार. त्यांनी सदऱ्याची घडी पुरी केली.

"असेल. पण गॅस राहायचा ना गं चालू?"

"कधीच नाही राहिला, आजोबा. तुम्ही उगाच बघायला जायचात."

"असेल," ते पुन्हा म्हणाले.

तरी रविवारी ते आले. बाबांनी बूच त्यांच्या हातात दिलं. "अण्णा, चुकलं माझं," एवढंच म्हणाले. आजोबांनी मान हलवली, वाकले आणि न बघता बूच पिळून बसवलं. हात काहीच विसरले नव्हते.

होडी पाण्यात बरीच आत गेली. तळ ताटासारखा कोरडा होता.

"मी लावलं ना गं?" आजोबांनी विचारलं.

"लावलंत. मी बघितलं."

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने मागे सरकले, वाकून बुचाला हात लावून बघितला, आणि परत येऊन बसले. बाबा दुसरीकडे बघत होते.

मग आजोबांनी पुन्हा विचारलं. भिंगरीने पुन्हा सांगितलं.