चारशे तेरावी सही

“वाच पुढचं,” नवरा म्हणाला आणि तिने चारशे एकावं नाव वाचलं. त्याने मतदारयादीवरून बोट फिरवलं, नाव सापडलं तशी निळी खूण केली. साध्या खुणेलाही पट्टी लावणारा माणूस तो. त्याच्या कचेरीतली दोघं रजेवर, म्हणून एका अर्जावरच्या सह्या तपासायचा गठ्ठा रविवारी घरी आला होता. ती वाचणार, तो शोधणार. जी सही वाचता येणार नाही किंवा यादीत सापडणार नाही तिच्यावर लाल रेघ मारायची, आणि लाल पेन्सिल तिच्या हातात होती.

अर्ज बायकांचा होता. लग्न झालेल्या बाईला नोकरी करायची तर नवऱ्याचं संमतीपत्र लागतं, तो कायदा काढून टाका, एवढंच मागणं. तिचंही असं पत्र दवाखान्यात होतं आणि त्याच्या जोरावर ती तिथे औषधं बांधून द्यायची.

“तुझी सही त्यात दिसली तर पत्र परत घेईन,” त्याने महिन्यापूर्वीच बजावलं होतं. “माझी नोकरी सरकारी आहे.”

तरी मंगळवारी ती सही करून आली होती. चारशे बारावी. खिडकीशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, जणू घरात काही चाललेलंच नाही.

“चारशे बारा,” तो म्हणाला. “थांबलीस का?”

सही वाचता येत नाही म्हटलं की सुटका. उद्या पुन्हा दवाखाना, बाटल्या, पुड्या, सगळं जिथल्या तिथे. पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा. पण आपल्याच हाताने आपल्याला खोडणं तिला काही केल्या जमेना. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःचं नाव वाचलं.

यादीवरचं बोट थांबलं.

“उद्या पत्र परत घेतो,” तो म्हणाला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आधी पुढचं वाचू दे तिला,” सासूबाई म्हणाल्या.

तिने खाली पाहिलं. मोठी, खाली उतरत गेलेली अक्षरं. पेन्शनच्या कागदासाठी ही सही तिनेच गिरवून घेतली होती.

“चारशे तेरा,” ती कशीबशी म्हणाली. “आई आहेत.”



“दाईच्या कामाचा माझा कागद तुझ्या वडिलांनी असाच परत घेतला होता,” सासूबाई शेंगांकडे बघतच म्हणाल्या. “तू रांगत होतास तेव्हा. शोध, यादीत आहे का मी.”

शोधायची गरज नव्हती. एकाच घरक्रमांकाखाली दोघींची नावं होती, मध्ये त्याचं. तो बराच वेळ पट्टी हातात धरून बसला. मग ती बाजूला ठेवून त्याने दोन खुणा केल्या. दोन्ही वाकड्या आल्या.