वायर धरणारा

गुरुलिंगने गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सरकवलं, तीन पाकळ्यांची गिटार आडवी घातली आणि तळच्या पाकळीच्या टोकावर खडूची खूण केली. मग आपलीच खूण अंगठ्याने पुसून टाकली.

"कामून पुसलास?" समोरच्या स्टुलावरून नरसिंगने विचारलं.

"टोकाला वायरचा जॅक बसविला तर गिटार टेकवून ठेवताना पिन मोडंल. खालच्या पाकळीला बसविला तर मांडीला रुतंल."

"मग काय, हाय तिथंच ऱ्हाऊ दे म्हणतोस?"

गुरुलिंगने अंगठ्यावरचा खडू पुसला. त्याला तेच म्हणायचं होतं.

गिटार बेलपानाच्या आकाराची होती. तीन पाकळ्या, एक वर, एक खाली, एक तळाला, आणि देठाच्या जागी लांब मान. लातूर जिल्हा झाला त्या साली नरसिंगने कुठल्याशा मासिकातलं चित्र आणून दिलं आणि गुरुलिंगने त्यावरून ही सागवानातून कोरली. जन्मात त्याने इलेक्ट्रिक गिटार पाहिली नव्हती. चित्रातल्या वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून वायर मागे गेलेली दिसत होती, म्हणून पठ्ठ्याने वरच्या पाकळीच्या पाठीला, खांद्याजवळच, भोक पाडलं. नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यात पहिल्याच गाण्याला पिन दोनदा निसटली. तेव्हा गुरुलिंग प्रेक्षकांतून उठला, स्टेजवर बसून वाजवणाऱ्या नरसिंगच्या मागे पाट टाकून बसला आणि दोन बोटांनी पिन दाबून धरली.

ती पुढे अकरा वर्षं धरली. निलंगा, जळकोट, देगलूर, नांदेड. जिथे आर्केस्ट्रा तिथे गुरुलिंग. नरसिंग वीज मंडळात वायरमन होता, त्यामुळे लोकांना आयतंच सापडलं. वायरमनला वायर धरायला सुतार लागतो म्हणून सगळे हसायचे. पिन घालायचा नरसिंगच. "सोडू नको," एवढं सांगायचा आणि वाजवायला लागायचा. मागे बसून गुरुलिंगला गाणाऱ्यांची तोंडं कधी दिसली नाहीत, पण टाळ्या पडायच्या तेव्हा त्यातल्या थोड्या आपल्याही आहेत असं त्याला वाटायचं. आयुष्यातले तेवढेच दिवस त्याला पुन्हा हवे होते.

"नात नांदेडला हीच गिटार उभी ऱ्हाऊन वाजविती," नरसिंग म्हणाला. "वायर मानेत येती तिच्या. आन् तिच्या मागं कोण बसणार?"

"हाव, ते बी खरंच."

गुरुलिंगने माठातून अर्धा पेला पाणी काढून त्याच्यासमोर ठेवलं. टँकर येऊन दहा दिवस झाले होते. नरसिंगने दोन घोट घेतले आणि उरलेलं झाकून ठेवलं.

"धर गिटार," गुरुलिंग म्हणाला. "वाजव. नुस्ता हात चालव."

नरसिंगने पट्टा खांद्यावर घेतला. गुरुलिंग त्याच्याभोवती एकदा फिरला. कोपर कुठवर जातं ते पाहिलं, आणि तळच्या पाकळीच्या वरच्या उतारावर, टोकापासून चार बोटं आत, खडू टेकवला.

"इथं. टेकणार न्हाई, रुतणार न्हाई, हातात येणार न्हाई."

"हे तवाच सुचलं असतं तर?"

"तवा मला काय कळत होतं?"

नवं भोक पाडून झाल्यावर त्याने जुना जॅक काढायला पाठीमागचं झाकण उघडलं. बसवल्यापासून त्याने ते पहिल्यांदाच उघडलं. जॅक ढिला असणार म्हणून त्याने पक्कडीने नट सहज फिरवला, पण तो हलेना. तेल सोडलं, जोर लावला, तेव्हा कुठे सुटला. आत त्याने कधी न बसवलेला दुसरा नट होता, आणि आट्यांवर पिवळ्या फितीचा तुकडा घट्ट गुंडाळलेला होता. गुरुलिंगने तो उलगडला. साटिनवर पुसट अक्षरं होती: "तूर जिल्हा". त्या पहिल्या सोहळ्यात कलावंतांच्या छातीला लावलेल्या बिल्ल्याची फीत. स्टेजवर बसला म्हणून गुरुलिंगलाही एक मिळाली होती. त्याची अजून ट्रंकेत होती, अख्खी.

त्याने नरसिंगने आणलेल्या वायरची पिन उचलून जुन्या जॅकमध्ये घातली आणि ओढली. निघाली नाही. पुन्हा ओढली. अकरा वर्षांत बोट उचलून त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

मान वर केली तर नरसिंग रस्त्यावरच्या रिकाम्या ड्रमांच्या रांगेकडे बघत होता. फारच लक्ष देऊन बघत होता.

गुरुलिंगने फीत खिशात घातली. जुन्या भोकात सागवानाची खुंटी ठोकली, घासून सारखी केली, नवा जॅक बसवून तारा जोडल्या. नरसिंगने सोबत आणलेला छोटा स्पीकर लावला, पिन घातली आणि एक तार छेडली. आवाज स्वच्छ आला.

"पक्का बसलाय," गुरुलिंग म्हणाला. "आता कुणी लागत न्हाई."

नरसिंगने तारा जुळवल्या. मागे वळून न बघता म्हणाला,

"गुरू, वायर धर बरं जरा."

गुरुलिंगने पाट ओढला, त्याच्या मागे बसला आणि दोन बोटांनी पिन दाबून धरली. गाणं संपेपर्यंत त्याने बोटं उचलली नाहीत.