माझ्यासाठी एक वाक्य

सौंसरच्या संत्र्यांच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं गोणपाटावर बसून छाटणी केली, म्हणजे चांगली-खराब फळं वेगळी केली. शेडमध्ये खुर्ची एकच, सुपरवायझरची, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी टेकायचं नाही अशी पद्धत. दिवाळीनंतर ती रिकामी झाली, तेव्हा मालक अनिलभाऊंना मी सरळ विचारलं. ते हसले.

"मालती, कोचीचा व्यापारी येऊन राहिला. त्याले हिंदी येत नाही. त्याच्यासंग इंग्रजी बोलून माल खपवशीन, तर खुर्ची तुही."

मला त्या हसण्याचाच राग आला. बारावीत इंग्रजीनं माझा घात केला होता हे खरं, पण म्हणून काय जन्मभर तिच्यापुढे मान खाली घालायची?

दहावीतली माझी लेक पल्लवी शिकवायला बसली. "आई, एकच पक्कं कर. आय वुड लाइक टू. म्हंजे मले हे करावंसं वाटते. पुढं जे पायजे ते जोड."

मी छाटता छाटता जोडतच सुटले. आय वुड लाइक टू ड्रिंक टी. आय वुड लाइक टू गो टू पांढुर्णा. शेजारची प्रेमलता म्हणाली, "माह्या जेठाले झोडपाचं हाय, ते कसं म्हनू?" तिच्या त्या थोरल्या दिरासाठी तेही जोडून दिलं. आठवडाभर सगळ्या बाया तेच घोकत होत्या.

पल्लवीनं माझी वही तपासली. "पल्लवीले कॉलेजात पाठवाचं, पल्लवीले सायकल घ्याची. तुह्यासाठी एकबी नाही काऊन?"

"मले काय पायजे बाप्पा!" मी म्हटलं. नंतर खूप डोकं खाजवलं, पण माझ्यासाठी वाक्य सुचेना. त्याचं फार वाईट वाटलं.

व्यापारी आला. अनिलभाऊंनी पेटीत वरच्या थराला मोठी, चकचकीत संत्री लावली होती. त्यातलंच एक त्यानं उचललं. साल फोपशी, म्हणजे आत कोरडं, हे मला लांबूनच कळलं. पाठ केलं होतं ते माल दाखवण्याचं वाक्य, 'आय वुड लाइक टू शो यू'. पण तोंडातून निघालं, "सर, आय वुड लाइक टू कट धिस."

अनिलभाऊंनी डोळे वटारले. मी कापलं. थेंब गळला नाही. मग तळातलं एक लहान, खडबडीत संत्रं कापून त्याच्या हातात दिलं. रस त्याच्या मनगटापर्यंत ओघळला.

"धिस," तो खाता खाता म्हणाला. "टू ट्रक्स."

अनिलभाऊंचा जीव भांड्यात पडला. "जमलं बा. जा आता, बस आपल्या जागेवर. खुर्चीचं पाहू मंग."

त्यांचं 'मंग' कधीच येत नाही, हे मला अकरा वर्षांत चांगलं कळलं होतं. व्यापारी अजून समोरच होता. प्रेमलता आणि साऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. मी गोणपाटाकडे वळले नाही.

"आय वुड लाइक टू सिट हियर," मी म्हटलं, आणि खुर्चीवर बसले.