शेळीच्या चिठ्ठीतला मोर

क्र. २०. शिवकन्या. वाचन : आलं.

ज्योत्स्नाबाईंनी विसावी नोंद केली आणि पेनाला टोपण लावलं. वीसपैकी वीस. चार वाजता तक्ता केंद्रप्रमुखांकडे गेला, की केज तालुक्यात शाळेचं नाव निघणार होतं.

तेवढ्यात दारात सरूबाई. शिवकन्येची आई. खांद्यावर घोंगडी, मागं मान खाली घातलेली लेक.

"बाई, पोरीला पास केलं म्हनं तुमी?"

"केलं की. घडाघडा वाचते. पेढे आणलेत का?"

"पेढे कशाचे? नापास करा तिला."

बाई हसल्या. सरूबाई हसली नाही. पदराची गाठ सोडून तिनं एक चिठ्ठी काढली.

"जनावराच्या डॉक्टरनं दिली. शेळीला औषध कसं पाजायचं ते. हिला म्हनलं, वाच. तर म्हनती, 'रानात मोर आला. मोराने पिसारा फुलवला.' मला अक्षर कळत न्हाई बाई, पन शेळीच्या औषधात मोर कशाला नाचंल?"

शिवकन्या पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

मोर चाचणीच्या कार्डावरचा. बाईंकडं कार्ड एकच होतं. व्हरांड्यात पोरं ओळीनं बसवून त्या एकेकाला पुढं बोलवायच्या. शिवकन्येची पाळी येईस्तोवर तो मोर एकोणीस वेळा नाचून झाला होता.

बाईंनी कार्ड तिच्यापुढं धरलं.

"यात 'पिसारा' कुठं आहे? दाखव."

शिवकन्येनं बोट ठेवलं. 'रानात'वर.

"पास झाली तर दुपारचा जादा तास बंद व्हईल तिचा," सरूबाई म्हणाली. "मलाबी असंच वरच्या वर्गात ढकललं हुतं. चौथीपस्तोर."

फोन वाजला. केंद्रप्रमुख.

"शंभर टक्के ना, मॅडम?"

"नाही, सर."

"मग किती?"

"ते मलाच माहीत नाही अजून. एकेकाला आत घेऊन, नवा मजकूर देऊन पुन्हा बघते. उद्या सांगते."

 पलीकडून फोन बंद झाला.

क्र. १ ते २०.
रेघ. वरपासून खालपर्यंत.

बाई उठल्या. आपली खुर्ची पुसली, पुढं सरकवली.

"बसा, सरूबाई."

"आमी कशाला खुर्चीवर?"

"बसा हो. वीस लेकरांचं काम केलंत तुम्ही. लई उपकार झाले."

सरूबाई खुर्चीच्या कडेला टेकली. "माझं ऱ्हाऊ द्या. शेळीचं तेवढं सांगा."

बाईंनी चिठ्ठी उघडली. वाचायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"शेळीला घाई आहे का?"

"सांजच्याला पाजायचंय."

बाईंनी चिठ्ठी शिवकन्येपुढं ठेवली आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या.

पोरीचं बोट पहिल्या अक्षराखाली थांबलं. थांबूनच राहिलं. बाहेर एसटी आली, उभी राहिली, गेली.

"दो..."

बोट पुढच्या अक्षराखाली सरकलं.

"...न. दोन."

सरूबाईनं दोन बोटं वर केली, विचारल्यासारखी. लेकीनं मान हलवली.

क्र. २०. शिवकन्या. वाचन : एक शब्द.