अर्धं वावर

पायलनं रिमोटचं बटण दाबलं. फवारणीची गाडी अंगणात चार हात पुढे गेली आणि पुन्हा थबकली.

"तापली," बळीराम म्हणाला.

गाडी थांबली की तिच्यावरच्या चिपच्या पाठीवर बोट ठेवायचं काम पायलनं बापाला दिलं होतं. गेल्या हंगामात कपाशीवर फवारताना औषध त्याच्या अंगात भिनलं, तेव्हापासून त्याला उजेड-अंधार एवढंच कळायचं. वर्षभर रिकामा बसलेला माणूस. बोटाला चटके बसत होते, तरी काम सोडायला तयार नव्हता.

भंगारातल्या वायपरच्या मोटारी आणि मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडून तिनं ही गाडी घरीच बनवली होती. पॉलिटेक्निकमधली पोरं रोबो बनवून बक्षिसं आणतात, आपण निदान माणसाच्या पाठीवरचा पंप उतरवू, असा तिचा हट्ट. पंप गाडीवर, माणूस लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. रिमोटचा हुकूम घेऊन मोटारींना वीज पुरवायची ती ही चिप.

गाडी उचलून धरली की चाकं गरगर फिरत. पाणी भरलेला पंप ठेवून खाली सोडली की जेमतेम चालून बंद. तिनं आधी बॅटरी तपासली. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? बॅटरी भरलेली होती. तारा सोडवून पुन्हा जोडल्या. चिपही बदलून पाहिली. नवीनही तशीच वागली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

थोरला भाऊ अतुल लांब बाह्यांचा शर्ट घालून दाराशी उभा होता. बापाच्या जागी आता तोच फवारायला जायचा. किसनरावांच्या कपाशीवर बोंडअळी पडली होती आणि वारा सुटायच्या आत वावरात पोहोचायचं होतं. तू नाही आलास तर दुसरा येईल, असं ते म्हणाले होते. दुसरे पुष्कळ होते.

"चिप खराब हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. वजन झेपत नाही तिले. लय तापली का सोताच बंद होते, थंड झाली का चालू. जळू नये म्हनून तिच्यातच थे सोय केली हाय."

नागपूरहून मोठी चिप मागवावी लागणार होती. भरल्या पंपाचं ओझं आधीच हिशेबात का धरलं नाही, म्हणून पायलला स्वतःचाच राग आला.

"थे बंद पडनं काढून टाक ना," अतुल म्हणाला. "जळली तं जळली. आजचं काम तं होईन."

"काढता येत नाही."

बळीरामनं बोट उचललं नव्हतं.

"मले बी त्या दिवशी घेरी आलती," तो म्हणाला. "पन अर्धं वावर राह्यलं होतं."

दवाखान्यात त्यानं एकाएकी पडलो असं सांगितलं होतं. घरातही तेच. पायलनं भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

मग अतुलनं पंप गाडीवरून सोडला, त्यातलं पाणी ओतून दिलं आणि पट्टे खांद्यावर चढवले. पायलनं एक पट्टा धरून ठेवला, मग सोडला.

"घेरी आली तं बसून जाजो," बळीराम म्हणाला.

"अन् अर्धं वावर राह्यलं असन तं?"

अतुल निघाला. पावलांचा आवाज रस्त्यावर विरेपर्यंत बळीरामनं मान तिकडेच ठेवली. मग चिप चाचपली.

"थंड झाली," तो पायलला म्हणाला. "चालव."

तिनं बटण दाबलं. रिकामी गाडी अंगणाच्या टोकापर्यंत सरळ गेली, कुठंही न थांबता.