खिरीचा डबा

माझ्या झाकणावरचा पोचा बघू नका, मित्रांनो. त्याच्याशेजारी कोरलेलं नाव वाचा. 'चांगुणा त्रिंबक सरवदे, सोलापूर.' या नावाचा मी एक जुना स्टीलचा कडीचा डबा आहे. वय झालं असलं तरी माझं झाकण अजून घट्ट बसतं. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं वर्षभरात सैल होतात. पण जाऊ द्या, दुसऱ्याला नावं ठेवण्यासाठी मी तोंड उघडलेलं नाही.

चांगुणाबाईंनी मला त्यांच्या पहिल्या पगारातून घेतलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात त्या शिलाईला होत्या. दिवसभर टॉवेलच्या कडा मुडपून शिवायच्या. भांड्यांच्या दुकानात त्यांनी चार डबे उलटेसुलटे करून बघितले, झाकणं लावून-काढून बघितली आणि मला निवडलं. दुकानदाराने छोट्या मशीनने माझ्यावर त्यांचं नाव घातलं. तेव्हा त्यांनी मला पदराने पुसलं आणि अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. तोवर घरात त्यांच्या नावाची एकही वस्तू नव्हती.

मग मी रोज त्यांच्याबरोबर कामावर जाऊ लागलो. जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसायच्या आणि मी या हातातून त्या हातात फिरायचो. त्यांच्यात सुंदरम्मा नावाच्या वयस्कर बाई होत्या. माझ्यातली शेंगाचटणी भाकरीला लावून खाल्ली की त्या न चुकता म्हणायच्या, "चांगुणा, हात लई चांगला हाय गं तुजा." एवढ्या एका वाक्यावर चांगुणाबाईंची उरलेली दुपार निघायची. पाठ दुखत असली तरी मशीनवर बसून त्या गुणगुणायच्या. किती सुखाचे होते ते दिवस!

एका वर्षी शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. ईरप्पा, त्यांची बायको शांतम्मा आणि आठ वर्षांची मुलगी संस्कृती. माणसं अक्कलकोटकडची, घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलायची. ईरप्पा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. दोन्ही खोल्यांची मधली भिंत एकच. पाणी चार दिवसांनी यायचं, तेव्हा नळावर हंडे भरता भरता दोघी बायकांची चांगली गट्टी जमली.

दिवाळीला शांतम्मांकडून ताटभर फराळ आला. आता आमच्या गल्लीचा एक नियम होता. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, मग चिमूटभर साखर का असेना. चांगुणाबाईंनी ताटात केळी घालून दिली. संक्रांतीला शेंगापोळ्या आल्या, तेव्हा ताटातून पेरू गेले. दर वेळी फळंच. शिजवलेलं पाठवायला त्यांचं मन धजत नव्हतं. आपल्या घरचं त्यांना चालेल का, हा प्रश्न लहानपणी गावात त्यांना फार वेळा पडला होता आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं. मी पडलो डबा. मला जात कळत नाही, भूक तेवढी कळते.

मग बुद्धपौर्णिमा आली. घरात तांदळाची खीर झाली होती. त्यांचे यजमान त्रिंबकराव म्हणाले, "शेजारी दे की. किती दिस केळीच देणारेस?"

"न्हाय खाल्ली तर?"

"न्हाय खाल्ली तर न्हाय. आपुन द्यायचं सोडू नये."

चांगुणाबाईंनी मला काठोकाठ भरलं. वर जास्तीचं खोबरं आणि वेलदोडा घातला. शांतम्मांच्या हातात मला देताना त्यांनी माझी कडी लगेच सोडली नाही. ते मला समजलं, पण शांतम्मांना समजलं नाही.

चांगुणाबाईंनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. ईरप्पांचा कारखाना दोन महिन्यांपूर्वी बंद पडला होता. त्या संध्याकाळी त्या घरात शिजवायला काहीच नव्हतं. तिघं माझ्याभोवती बसले. ईरप्पा आपला वाटा मुलीकडे सरकवायचे आणि शांतम्मा आपला ईरप्पांकडे. शेवटी संस्कृतीने माझ्यात हात घालून तळापर्यंत बोट फिरवलं. घासण्याआधीच इतका स्वच्छ मी आयुष्यात कधी झालो नव्हतो!

शांतम्मांनी मला तरीही घासलं, पुसलं आणि फळीवरचे आपले डबे एकेक करून उघडून बघितले. साखरेच्या डब्यात साखर नव्हती. गुळाचा खडा नव्हता. "रिकामा कसा देऊ?" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मला फळीवर ठेवलं. उद्या देऊ, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच ठरवलं. चांगुणाबाई समोर दिसल्या की लाजेने त्या खाली मान घालून आत यायच्या.

आठ दिवसांनी, शांतम्मा नळावर गेल्या असताना, भिंतीपलीकडून मला चांगुणाबाईंचा आवाज ऐकू आला.

"खीर टाकली आसंल तिनं. म्हून तोंड चुकवायलीय."

"आसं नसतंय गं," त्रिंबकराव म्हणाले.

"मग कशी झालती, एवढं तरी सांगायचं का न्हाय? डबा ठिव म्हनावं. डब्याचं काय न्हाय मला."

मित्रांनो, त्या वेळी मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, तुमच्या खिरीचा एक कणसुद्धा वाया गेला नाही. पण डब्याचा आवाज खाली पडल्याशिवाय निघत नाही. मी फळीवर गप्प बसून राहिलो. त्या गप्प बसण्याचं दुःख मला अजून आहे.

महिन्याभरात शांतम्मांचं बिऱ्हाड हललं. टेम्पोत सामान चढवताना मी घसरून रस्त्यावर आपटलो आणि झाकणाला हा पोचा आला. शांतम्मांनी मला उचलून पोटाशी धरलं. "परक्याची वस्तू रं, देवा," म्हणून त्या रडू लागल्या. चांगुणाबाई त्या वेळी कामावर होत्या. निरोप घ्यायचा राहूनच गेला.

त्यानंतर नऊ वर्षं मी अक्कलकोटजवळच्या एका गावात, वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून बसलो. ईरप्पांनी मठाच्या रस्त्याला नारळ-फुलांचं दुकान टाकलं. हळूहळू घर सावरलं. फळीवरच्या सगळ्या डब्यांत डाळी आल्या, साखर आली. माझ्यात मात्र कुणी काही भरलं नाही. कुणी हात लावला तर शांतम्मा म्हणायच्या, "ते आपलं न्हाय. भरून द्यायचंय."

पण उशीर झाला तशी भरायची वस्तूही मोठी होत गेली, मित्रांनो. पहिल्या महिन्यात मूठभर साखर पुरली असती. वर्षाने त्यांना वाटलं, आता लाडू तरी हवेत. तीन वर्षांनी वाटलं, लाडवांनी काय होतंय, साडीच न्यायला पाहिजे. दर दिवाळीला त्या मला चिंचेने लख्ख घासायच्या, बेत करायच्या आणि लाजून मला पुन्हा फडक्यात गुंडाळायच्या.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत संस्कृतीने मला खाली काढलं. ती आता कॉलेजला जाते. झाकणावरचं नाव वाचून तिने विचारलं, "आई, हा त्या खीरवाल्या मावशींचा डबा ना? मी बोटानं चाटून खाल्ली होती."

"व्हय गं. ह्या वर्षी नक्की देऊ. काय घालावं बरं?"

संस्कृतीने मला उलटंपालटं करून बघितलं. "आई, पण आपण ती खीर खाल्ली, हे त्यांना माहीत आहे का?"

शांतम्मांचा हात थांबला. नऊ वर्षं त्यांनी रिकाम्या डब्याचाच विचार केला होता. भरलेल्या डब्याचं काय झालं, हे पलीकडच्या माणसाला ठाऊकच नसेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "टाकली आसं वाटलं आसंल व्हय तिला?"

पाडव्याच्या सकाळी त्यांनी माझ्यात करंज्या-चकल्या भरल्या. झाकण लावलं. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उघडून सगळा फराळ पिशवीत ओतला आणि मायलेकी मला तसाच घेऊन सोलापूरच्या एसटीत बसल्या.

गल्ली तीच होती. चांगुणाबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी ओळखलं, "ये, बस," म्हणाल्या, पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून कोरडेपणाने म्हणाल्या, "डब्यासाटी एवढ्या लांबनं कशाला आलीस? ऱ्हाऊ द्यायचा हुता." इतका परका आवाज मी त्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

शांतम्मांनी फराळाची पिशवी बाजूला ठेवली. मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि झाकण उघडलं.

"रिकामा आणलाय, अक्का."

चांगुणाबाईंनी वाकून माझ्यात बघितलं. आमच्या गल्लीत असं कुणी करत नाही.

"तू खीर दिलीस त्या सांजंला घरात दुसरं कायबी नव्हतं. आमी तिगंजण तिच्यावरच जेवलो. डब्यात घालाया साखर नव्हती म्हून लाजले, आन् सांगायचंच ऱ्हायलं." शांतम्मांनी मला त्यांच्याकडे सरकवलं. "लई चांगली झालती गं. तसली खीर परत कुटं खाल्ली न्हाय. आज मागाया आलेय. म्हून डबा रिकामा आणलाय."

चांगुणाबाईंनी मला मांडीवर घेतलं. अक्षरांवरून बोट फिरवलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. बोट पोच्यापाशी थांबलं. "पाडलास व्हय गं माजा डबा?" त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "खाल्ली हुती व्हय?"

"बोटं चाटून खाल्ली, मावशी," संस्कृती म्हणाली.

चांगुणाबाईंनी डोळे पुसले आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. "आवं, दूध आणा जावा लीटरभर. थांबा, दोन लीटर आणा!"

त्या दिवशी सगळे एका ओळीत बसून जेवले. निघताना चांगुणाबाईंनी मला पुन्हा काठोकाठ भरलं. तेव्हापासून मी कधी सोलापुरात असतो, कधी अक्कलकोटकडे. फळीवर बसायला मला आता सवड मिळत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. तशी नऊ वर्षं मी फार चकाकलो. माझं मागणं वेगळंच आहे. घरी, कामावर, सणावाराला, ज्याच्या हातचं पोटभर खाल्लंत त्याला आधी जाऊन सांगा, की चांगलं झालं होतं. भांडं नंतर घासा.